उजव्या पडद्यावरचा अंधार

पक्षाघातानं इंदूताईंची वाचा जाऊन महिना झाला होता. मेंदूची शस्त्रक्रिया करायची का, हे त्यांना तोंडावर विचारायचं धाडस वैजयंतीला होत नव्हतं. म्हणून तिनं मनातली चित्रं दाखवणारं यंत्र भाड्यानं आणलं आणि आईच्या डोक्याला जोडलं. डाव्या पडद्यावर मेंदूच्या लहरी उमटल्या, पण चित्रांचा व्हिडिओ उजव्या पडद्यावर लावला की नुसता काळोख.

“मॅडम, रीस्टार्ट करा,” फोनवरचा तंत्रज्ञ म्हणाला.

“चारदा केलंय! केबलही बदलली. डॉक्टरांना पाचपर्यंत उत्तर द्यायचंय हो!”

“मग डावा पडदा काढून बघा. दोन असले की कधीकधी अडतं.”

वैजयंतीनं चिडून वायर उपटली आणि उजवा पडदा उजळला. त्यात खुर्चीवर बसलेली एक पाठमोरी बाई होती. घामानं भिजलेला कुर्ता, सुटलेला अंबाडा. ती आपणच आहोत हे कळायला तिला एक क्षण लागला. सकाळपासून आईला तिची पाठच दिसत होती.

तिनं फोन ठेवला, खुर्ची वळवली आणि आईचा हात धरला.

“आई, ऑपरेशन करायचं का गं?”

इंदूताईंनी तिच्या डोळ्यांत बघत हळूच, पण ठामपणे मान हलवली. नाही.