हनुवटीवरचे केस

वर्षाराणीने तोंडावरचा पदर बाजूला केला आणि लेझरचं यंत्र सुरू करायला निघालेली मोनिका जागीच थांबली.

हनुवटीवर वस्तऱ्याचे वार होते. एकातून अजून रक्त येत होतं. जबड्यावर दोन्ही बाजूंनी बोटांचे निळे वळ.

"हे काय झालं?"

"तुमीच फोनवर सांगितलं ना, दाढी करून या," दाराशी उभा असलेला तिचा नवरा जयसिंग म्हणाला. "केली मी. लई वळवळत हुती, दाबून धराया लागली." त्याची स्वतःची दाढी मात्र आठवडाभराची वाढलेली होती.

चाकणच्या या क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला मोनिका तेच सांगायची. आदल्या दिवशी हलक्या हाताने केस काढून या, म्हणजे लेझर मुळापर्यंत पोचतो. यातलं 'हलक्या हाताने' या बहाद्दराच्या कानात शिरलंच नव्हतं.

"दादा, आज नाही जमणार. जखमेवर लेझर मारला तर कातडी भाजेल. जन्माचा डाग राहील."

"ऱ्हाऊ दे डाग. केस जायला पायजेत! कंपनीच्या बसमदी पोरं इचारत्यात, घरात वस्तरा आधी कुणाला लागतो म्हणून. उद्या भावाचा साखरपुडा हाय, समदी भावकी येणार. मारा लेझर!"

"मी नाही मारणार."

मोनिका घाबरली होती. तरी तिने यंत्र बंद केलं आणि जखमेवर लावायला कात्रीने पट्टी कापायला घेतली. जयसिंगने यंत्राला लाथ घातली. ते कलंडलं. मग त्याने वर्षाराणीची वेणी मनगटाला गुंडाळली.

"चल. ही न्हाई तर दुसरी मारील. पिंपरीत काय कमी दुकानं हायेत?"

एका हिसक्यात ती खुर्चीवरून फरशीवर आपटली. ओठ फुटला. ओरडली नाही, रोजच्या माराला कोण ओरडतं? तो तिला दाराकडे फरफटत न्यायला लागला. मोनिका मध्ये पडली, तर तिच्याही मुस्काटात बसली. तिच्या हातातली कात्री वर्षाराणीच्या पुढ्यात पडली.

वर्षाराणीने ती उचलली.

पोटात खुपसते की काय म्हणून जयसिंग पोट आत घेऊन मागे सरकला. वेणी आणखी ताणली गेली. तिने कात्री मानेमागे नेली आणि दात-ओठ खात चालवली. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटची बट तुटली तसा तो आपल्याच जोराने मागे काचेच्या दारावर कोसळला. काच खळ्ळकन फुटली. तो बाहेर पायरीवर पडला, डोक्यातलं रक्त दाढीत उतरत होतं. मनगटाला हातभर वेणी तशीच गुंडाळलेली.

वर्षाराणी उठली. परत खुर्चीत येऊन बसली. कात्री तिने हातातून सोडली नव्हती. मोनिकापुढे तिने हनुवटी वर केली.

"पट्टी तेवढी लावा, ताई," ती म्हणाली. "केस येऊ द्यात आता."