एकही तक्रार नसलेलं विद्यापीठ

“वर्गात बसून पाहिल्याशिवाय कुठल्याही विद्यापीठाला गुण देऊ नकोस,” असं क्रमवारी मंडळाच्या कुंटे सरांनी निवृत्त होताना बजावलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या वैजयंतीबाईंनी तसा शब्दही दिला होता.

आता विद्यापीठांची क्रमवारी यंत्रच लावायचं. बाईंनी मंजुरीचा अंगठा दिला, की यादीतलं शेवटचं विद्यापीठ कायमचं बंद. त्याच्या नावावर नऊशे तक्रारी होत्या.

“आणि पहिल्याच्या?” बाईंनी विचारलं.

“एकही नाही, मॅडम. चाळीस हजार मुलं आहेत तिथं,” त्यांचे सहायक घैसास कौतुकानं म्हणाले.

“मेसची आमटी पातळ असल्याचीसुद्धा नाही?”

“यंत्र कशाला खोटं बोलेल?”

“त्याला माहिती पुरवणारंही यंत्रच ना? मुलं कुणी पाहिलीत, घैसास?”

घैसासांनी भेटींची जुनी नोंदवही उघडली. बारा वर्षांत मंडळातून तिथं कुणीच गेलं नव्हतं.

संकष्टी होती. बाईंनी राजगिऱ्याचा लाडू पिशवीत टाकला आणि अंगठा न देताच त्या पहिल्या विद्यापीठाच्या गावी जायला एसटी स्टँडकडे निघाल्या.