पुदिन्याची टिकली

लेकीने जाताना लावलेल्या पुदिन्याने पुन्हा माना टाकल्या आणि चंद्रावरून मृण्मयीचा फोन आला. पेशींतलं पाणी उतरलं, की पानावर चिकटवलेली टिकली तिला कळवायची. एरवी तिला सवड नसे.

"बाबा, परत विसरलात? घाला बघू पाणी!"

भास्कररावांनी तांब्याची बारीक धार धरली. पानं ताठ झाली की ती फोन ठेवणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"इतकं हळू?"

"मुळांना सोसायला नको? जेवलीस का?"

बोलता बोलता पेशी भरल्या, पानं उभी राहिली.

"आता तुमच्या डोक्याला ताप नको. आपोआप पाणी देणारी नळी पाठवलीय."

नळी आली. भास्कररावांनी ती कुंडीला नीट जोडली आणि मधोमध घट्ट गाठ मारली.