कानात शिरलेले व्याही

बिनवायरचे हेडफोन संगणकाला जोडता जोडता आबा मिरीकरांना घाम फुटला. ब्लूटूथच्या शोधात शेजारचा टीव्ही सापडे, वरच्या मजल्यावरचा स्पीकर सापडे. डोक्यावर चढवलेले हेडफोन तेवढे सापडेनात! एकदाचे ते जोडले गेले आणि पडद्यावर मुलाकडची मंडळी उगवली. लेकीने मुलगा स्वतःच निवडला होता, आता थोरांचा होकार तेवढा हवा होता.

मुलाचे वडील बशीतून चहा भुरकू लागले. एकेक भुरका असा, की आबांच्या कानाचे पडदे ओले झाले! मग ढेकर. मग दाढेतलं खोबरं जिभेने चुकचुक उपसणं.

आवाज आपल्याच कानात येतोय, म्हणजे आपलं बोलणंही घरातच राहणार, अशा समजुतीने ते बायकोकडे वळले. "शी शी शी! माणूस आहे की हौदावर सोडलेली म्हैस?"

हेडफोनला माइकही होता. तिकडे बशी हवेतच थबकली. इकडे लेक रडकुंडीला आली.

तेवढ्यात मुलाची आई पुढे सरसावली. "ऐकलंत? लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय! आबा, असा व्याही मला हवाच. मुहूर्त काढा!"