बुधवारचं रेझर

माझ्या प्रत्येक रेझरचा वार ठरलेला. ब्रशही आलटूनपालटून, म्हणजे केस नीट वाळतात. "एवढ्याशा तोंडाला केवढं सामान!" असं बायको म्हणायची, पण दाढी झाली की गालावरून हात फिरवून आज कुठलं रेझर ते बरोब्बर सांगायची.

हल्ली ती मलाही ओळखत नाही. तरी रोज मी गाल पुढे करतो आणि ती तोंड फिरवते.

आज बुधवार, म्हणून जड पितळी रेझर काढलं, ब्लेड नवं घातलं. तिच्या खुर्चीशी वाकलो, तर तिचा हात आपणहून माझ्या गालावर आला.

"पितळी," ती म्हणाली.

मी तो हात तसाच धरून ठेवला.

तिने तो हळूच सोडवून घेतला, पदर सावरला. "आमच्या ह्यांच्याकडेही अगदी अस्संच आहे. बसा ना, येतीलच इतक्यात."