वजा केलेला फुगवटा

हल्ली दहाव्याला कावळ्याची वाट कुणी बघत नाही. घाटावरच मेंदूचा आलेख काढतात आणि ज्याचं दुःख जास्त भरेल, त्याच्या हाती अस्थी देतात.

"यमुनाकाकू, तुमचं शून्य आलं," यंत्रावरचा ठोंबरे म्हणाला.

"मेल्या, नवरा गेलाय माझा! मग आलेखात हा एवढा डोंगर कसला दिसतोय?"

"तो मोठ्या रेणूंचा फुगवटा. सगळ्यांच्याच मेंदूत असतो, म्हणून वजा करतो. वर टोकं उरली, तर ते दुःख."

काकूंच्या पुतण्याचं टोक मात्र आभाळाला भिडलं. सकाळीच त्याचा नवा फोन नदीत पडला होता.

कलश त्याला मिळाला. काकूंनी पदराआडून पिंड काढून पायरीवर ठेवला, तोच कावळा उतरला.

"हुश्श!" ठोंबऱ्यानं त्याला हुसकावलं. "काकू, इथं अंधश्रद्धा नको हं."