मोठ्या आवाजाचा टॅब

"हा नको. याचा आवाज कमी आहे," असं म्हणून गृहस्थांनी चौथा टॅबही काउंटरवर परत ठेवला.

काउंटरमागे जी उभी होती तिला दुकानात सगळे टॅबवाली म्हणायचे. नऊ वर्षं ती टॅबच विकत होती. गिऱ्हाईक काचेवर बोट कसं फिरवतं, एवढ्यावरून त्याला चित्र हवंय की आवाज, हे तिला कळायचं. या गृहस्थांचा मात्र अंदाज लागत नव्हता. वय साठीचं, चेहरा घट्ट मिटलेला. घरात सिनेमे आणि मॅच बघायला टॅब पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. टीव्ही होता, पण तो फुटला. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या मागे अर्ध्या पावलावर त्यांची बायको उभी होती. डावा हात प्लास्टरमध्ये. खालचा ओठ फाटून त्यावर खपली धरलेली.

टॅबवालीने मुद्दाम त्यांनाच विचारलं, "काकू, तुम्हाला कुठला आवडला?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तिला काय विचारता? तिच्या आवडीचा प्रश्नच नाही," गृहस्थ म्हणाले.

टॅबवालीची नजर बाईंच्या प्लास्टरवर गेली. तिची मोठी बहीण अशीच यायची माहेरी. एकदा दात पडलेला, एकदा बोटं सुजलेली, एकदा असाच हात गळ्यात. दर वेळी म्हणायची, बाथरूममध्ये घसरले. चौथ्या वेळी ती आली नाही, तिला आणावं लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. त्यात टॅबवालीही होती. हे तिने स्वतःला कधी माफ केलं नव्हतं.

तिने पाचवा टॅब काढला. अकरा इंची, चार स्पीकरवाला. गृहस्थांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मध्ये जाहिराती येतील का, मध्येच अडकेल का, सगळं दोन-दोनदा विचारलं. मग विचारलं, आपटला तर फुटेल का?

"पडला तर काही होणार नाही," ती म्हणाली.

"पडला तर नाही. आपटला तर."

तिने वॉरंटीचं कार्ड पुढे सरकवलं. गृहस्थांनी पुढचा प्रश्न विचारला. पसंत पडला नाही तर आजच बदलून मिळेल का? उद्यावर ढकलून चालणार नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, उशीर होतोय, घ्या कुठलाही. त्यावर ते दातओठ खात म्हणाले, "तू गप्प बस. कुठलाही घेऊन चालणार आहे का?"

आवाज दाखवण्यासाठी टॅबवालीने एक मारामारीचा सिनेमा लावला. गृहस्थांनी बोट सरकवून आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर कुणीतरी ओरडलं, काच फुटली, आणि त्यासरशी बाई मटकन खाली बसल्या. प्लास्टरचा हात डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटल्या.

"ऊठ," गृहस्थांनी त्यांचा चांगला हात धरून ओढलं. "इथे नको. ऊठ म्हणतो ना."

बाई कळवळल्या.

टॅबवालीच्या डोक्यात काय झालं ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं. टॅब उभा करायचा लोखंडी स्टँड तिच्या हातात आला आणि काउंटर ओलांडून तिने तो गृहस्थांच्या कानशिलावर हाणला. ते काउंटरवर आदळले, तिथून जमिनीवर. तिने दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा पाठीवर. रक्ताची धार कानामागून कॉलरमध्ये उतरली.

दुकानाचा रखवालदार धावत आला. जुना सैनिक, त्याला सगळे फौजी म्हणत. "बायकोला मारतो हा," एवढंच ती म्हणाली. फौजीने पुढचं विचारलं नाही. त्याने बुटाची लाथ बरगडीत घातली. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या लाथेला गृहस्थांच्या तोंडातून लाळ आणि रक्त बाहेर आलं. त्यांनी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. गुडघे पोटाशी घेऊन ते पडून राहिले.

बाईंनी त्यांच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. "मारू नका हो त्यांना," म्हणत त्या आडव्या पडल्या. बहीणसुद्धा अशीच नवऱ्याला पाठीशी घालायची. टॅबवालीने त्यांना बखोटीला धरून बाजूला केलं. फौजीने आणखी एक लाथ घातली.

तेवढ्यात काचेचा दरवाजा ढकलून एक तरुण आत आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "आई," म्हणून तो आधी बाईंकडे गेला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग रक्त पाहून जागीच थांबला. टॅबवालीने धापा टाकत झालं ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही होता म्हणून बरं, असं म्हणाला. बाबांच्या स्वभावाला घरात सगळेच कंटाळलेत, असंही म्हणाला. मग खाली बसून त्याने रुमालाने बापाचं तोंड पुसलं.

"चला बाबा," तो म्हणाला, "बाकीचं घरी गेल्यावर बघू."

टॅबवालीने स्टँड काउंटरवर ठेवला. छातीवरचा जुना दगड जरा सरकला होता. या बाईला निदान पाठीशी उभा राहणारा मुलगा होता. बहिणीला तेवढंही नव्हतं. तिने बाईंना काउंटरमागे नेऊन स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या नाहीत.

"काकू, आता घाबरू नका," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "मुलगा आलाय तुमचा."

बाईंनी तिचं मनगट पकडलं. नजर खालीच होती, ओठ जेमतेम हलत होते.

"त्याने आम्हाला गाडीत बसवायच्या आत पोलिसांना फोन लावा," त्या म्हणाल्या. "माझा हात त्यानेच मोडलाय."